तिसऱ्या भागातल्या विहिरी

११ ऑक्टोबर

दादा,

आधीच सांगते, चुका भरपूर असतील, समजून घे. मोबाईलवर मराठी टाइप करायला मला फार वेळ लागतो. ळ सापडेपर्यंत काय लिहायचं होतं तेच विसरते. बोलून पण टाइप होतं म्हणे, पण आम्ही एका खोलीत राहतो, माय ऐकेल. मी वर्षा. नंबर तुझ्या दोस्ताने, रितेशने दिला. तो म्हणाला, "पक्का नाही, पण सुरतचाच आहे, टाकून बघ." तू नसशील तर जो कोणी असेल त्याने प्लीज हे डिलीट करून टाकावं.

तू असशील तर तुला हे पण माहीत नसेल, बाबा रिटायर झाले, पेपर मिलचं क्वार्टर सुटलं. आता बुऱ्हाणपूरला शनवाऱ्यात राहतो, गेटच्या आतल्या गल्लीत. मी शाळा सोडली. नववीत बाईंनी उभं राहून वाचायला लावलं, माझा आवाजच निघाला नाही, सगळे हसले. दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी जाणं अजून कठीण झालं. ते जाऊ दे.

मेन गोष्ट सांगते. आपली उलटनदी बांधतायत.

खरंच. निंबोल्याच्या पुढे हायवेला तो वॉटर पार्क आहे ना, त्याच्या मागे केळी होत्या, तिथे. उलटनदीच्या पाचही पुस्तकांतलं अख्खं गाव उभं राहतंय. मेघूची नाव, तिरपं देऊळ, शेवटचा डोंगर ज्याला दार आहे. लोक तिकीट काढून आत जाणार आणि मेघूच्या नावेत बसणार. मी पहिल्या दिवशी गेटमधून आत गेले तर समोर देऊळ. नुसता लोखंडाचा सांगाडा होता, पत्रा नाही, रंग नाही. पण मी ओळखलं. दुसऱ्या भागात तू वाचायचास ना, त्याची घंटा वाजली की पडलेली फुलं परत झाडाला लागतात. मी दारातच थांबले. मागून कडूमामा म्हणाले, वेल्डर आहेत ते, "बाई, आत जा नाहीतर बाहेर जा. दारात देवी होऊ नको."

मी तिथे कशी पोचले विचारशील. माय आणि मी कागदाच्या टोपल्या करतो, आजी करायची तशा. रद्दी भिजवायची, मेथी वाटून घालायची, कुटायची, उलट्या पातेल्यावर थापायची. चौकातल्या दुकानात ठेवतो. पार्कचं सगळं बनवून घेणारे संतोष सर आहेत, जळगावचे, त्यांनी ती टोपली उचलली. ठोकून बघितली. वास घेतला. घर शोधत आले आणि मायला विचारलं, "काकू, ह्याची भिंत होईल का? आतून गुहा दिसली पाहिजे."

माय म्हणाली, "होईन ना. पण भिंतीले मेथी किती लागन?"

तर मी लगद्याच्या कामाला आहे. एक दिवस सरांनी सगळ्यांना विचारलं, पुस्तकं कोणी वाचलीत का. कोणीच नाही. सरांनी पण फक्त चित्रांचे कागद बघितलेले. मी टपात हात घालून बसले होते, वर न बघता म्हटलं, मी ऐकलीत. मग सांगायला लागले. वर बघितलंच नाही. सांगून झालं तेव्हा वेल्डिंग बंद पडलेलं.

नकाशात देवळापासून डोंगरापर्यंत एक लांब अंधारा बोगदा आहे. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, इथे काय ते नंतर बघू. मी म्हटलं, नंतर काय बघायचं, इथे तिसऱ्या भागातल्या विहिरी येतात. दुसऱ्या भागाच्या शेवटी मेघू विहिरीत वाकून बघते, चौथ्याच्या सुरुवातीला डोंगरावर असते. मधे विहिरी. विहिरीखालून विहिरीला जोडलेला पाण्याचा रस्ता. आणि ती म्हातारी, जी लोकांनी विहिरीत मारलेल्या हाका मातीच्या मटक्यांत साठवून ठेवते. मेघूला तिथे तिच्या मायची हाक सापडते आणि ती हाक धरून ती बाहेर येते. सरांनी पेन्सिल कानावरून काढली आणि तिथेच चित्र काढायला बसले.

म्हणून तुला विचारायचं आहे. त्या मटक्या कशा ठेवलेल्या होत्या? तिथपर्यंत आलं की मी नेहमी झोपून जायचे. बघून घ्यायला पुस्तकं नाहीत, तुला माहीतच आहे का नाहीत. एवढंच सांग. बाकी काही लिहू नको हवं तर.

२९ ऑक्टोबर

दादा,

दिवाळी झाली. एका टिकच्या दोन झाल्या. निळ्या नाही झाल्या. मतलब फोन चालू आहे, कोणाचा ते माहीत नाही.

आज नदीत पाणी सोडलं. मी तुला हे सांगितल्याशिवाय जेवू शकत नाही, ताट तसंच ठेवलंय.

पाणी वर जातं रे. डोळ्यांनी बघितलं. खालच्या तळ्यातून निघालं आणि बाजारातून, देवळाजवळून, वर वर डोंगराकडे चालत गेलं. कसं केलंय ते पण मला माहीत आहे, माझ्यासमोर केलंय. जमीन उतरतीच आहे, पाणी खालीच जातं. फक्त बाजूची घरं, झाडं, खांब, कठडे सगळं एका बाजूला तिरपं बांधलंय, एवढं हळू तिरपं की डोळा त्यालाच सरळ समजतो आणि पाण्याला चढ समजतो. कडूमामा दोन महिने रोज कटकट करत होते, "तीस साल मी सरळ करायची वेल्डिंग केली. हा सर म्हणतो, मामा, अजून थोडं वाकडं. माझ्या बायकोनं ऐकलं तर म्हणेल यासाठी एवढं शिकला का." आज पाणी सुटलं तेव्हा मामांनी एक वाळकं पान पाण्यात टाकलं आणि ते वर चाललं, तसे ते त्याच्या मागे मागे चालत गेले, पार डोंगरापर्यंत.  

मला सगळी युक्ती माहीत असून माझ्या अंगावर काटा आला. माहीत नसतं तर काय झालं असतं?

अजून एक. बाबा येतात कामाला. मी नाही बोलावलं. लगदा हाताने पुरेना तर मायनेच सरांना सांगितलं, "घरात बसेल आहे एक. जनमभर लगदाच केला त्यानं." बाबा आले, हात मागे बांधून टपाभोवती फिरले, बोट बुडवून म्हणाले, "पाणी जास्ती आहे, पिळून घे." आता रोज माझ्याबरोबर गाडीत येतात. गेटवर उलटनदीची मोठी पाटी आहे. बाबा तिच्याखालून जातात. वर बघत नाहीत.

मी पण विषय काढत नाही. तीच पुस्तकं बाबांनी मिलच्या रद्दीच्या गठ्ठ्यांतून साहेबाला विचारून तुझ्यासाठी आणली होती, आणि तू मिलचं काम सोडलंस त्या दिवशी पोत्यात भरून परत रद्दीत टाकली. तू त्या पोत्यामागे गेटपर्यंत गेलास आणि घरी आलाच नाहीस. बाबा रोज माझ्यासमोर रद्दी भिजवतात. मी बघते.

मटक्यांचं सांग ना.

१६ नोव्हेंबर

दादा,

सरांनी आज आम्हा सगळ्यांना कुंडी भंडारा बघायला नेलं. तिथल्या जमिनीखालून जोडलेल्या जुन्या विहिरींतला उजेड खालून कसा दिसतो ते बघून भिंती करायच्या होत्या. एवढं जवळ राहून मी कधी गेले नव्हते. तू गेला होतास सातवीच्या ट्रिपला, मी लहान म्हणून माझ्यासाठी चिक्की आणली होतीस.

लिफ्ट चालू होती. एका विहिरीतून खाली उतरवतात. खाली पोटरीपर्यंत गार पाणी, वाहतं. भिंती पांढऱ्या, लोण्यासारख्या, हात लावला तर खरबरीत. आणि समोर लांब अंधार. त्या अंधारात वरून उजेडाचा एक गोल पडलेला. त्याच्या पुढे अजून एक, बारका. त्याच्या पुढे अजून बारका. प्रत्येक गोल म्हणजे एक विहीर. वर माणसं चालतायत, त्यांना खाली रस्ता आहे हे माहीत नाही. मी उभी राहिले आणि मला तुझा आवाज आला. खरा नाही, आठवणीतला. जसं तू वाचायचास तसंच, शब्द न शब्द. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते अंधारात कोणाला दिसलं नाही.

मी वर आल्यावर सरांना म्हटलं, लेखक बुऱ्हाणपूरला येऊन गेलेले असणार, त्याशिवाय असं कोणी लिहूच शकत नाही. सर म्हणाले, असेल. मला तर एवढा अभिमान वाटला, की आपल्या पायाखालचं पुस्तकात गेलं.

आता बोगदा झालाय. आतून पूर्ण आपल्या लगद्याचा, वर चुन्यासारखा रंग. आत गेलं की मेथीचा वास येतो. छतातून विहिरींचे गोल उजेड. आणि दोन्ही बाजूंना मटक्या, आत स्पीकर. हाका कोणाच्या भरायच्या? सर म्हणाले बाहेरून कलाकार कशाला, तुम्हीच मारा. ज्याला मारायची त्याला मारा.

कडूमामांनी मारली, "ए, चहा आण." सर म्हणाले, मामा, माणसाला मारा. मामा म्हणाले, "मग कोणाला मारली? चहावाला माणूस नाही का?"

माय डबा घेऊन आली होती. तिने डोक्यावर पदर घेतला आणि माईक सोडून सरळ मटकीत तोंड घातलं. "ललित, ये रे, ताट वाढलं." सर म्हणाले काकू, माईक लांब होता, परत एकदा घेऊ. माय म्हणाली, "एकदा मारली तरी येतो तो." परत मारली नाही. सरांनी आहे तीच ठेवली. बारीक ऐकू येते, खोलातून.

बाबांना विचारलं तर म्हणाले घसा बसलाय, आणि बाहेर गेले.

मी तुला हे सांगणार नव्हते.

पण एक नीट होत नाहीये. सगळ्या मटक्या एकदम बोलतात. शनवाऱ्याचा बाजार होतो नुसता. मायची हाक कुठली ते मलाच कळत नाही, तर मेघूला कशी कळली असेल? पुस्तकात काहीतरी असणार. आठवून सांग.

३० नोव्हेंबर

दादा,

गडबड झाली. माझ्यामुळे.

लेखकाची मुलगी आली होती, उषा मॅडम, नाशिकहून. मायपेक्षा मोठ्या आहेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी पास केल्याशिवाय पार्क पुस्तकाचं नाव लावू शकत नाही. सगळं हळूहळू बघितलं. देवळाची घंटा स्वतः वाजवली. नदीपाशी तर किती वेळ उभ्या होत्या, म्हणाल्या, "बाबा कागदावर नदी काढायचे आणि कागद उलटा धरायचे." मग बोगद्यात गेल्या. लवकर बाहेरच येईनात. सर आत बघायला जाणार तेवढ्यात आल्या.

"हे कुठलं?"

"तिसऱ्या भागातलं, मॅडम."

"तिसऱ्या भागात विहीर आहे. पण तिच्यात कोणी उतरत नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच. मला वाटलं टपात उतरून वरून लगदा ओढून घ्यावा.

मॅडमकडे पुस्तक होतं. खऱ्या तिसऱ्या भागात मेघू वर्षभर विहिरीच्या काठावर बसून राहते. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. आत वाकून बघते, हाक मारते, उत्तर येत नाही. शेवटी उठून दुसऱ्या वाटेने डोंगरावर जाते. बस एवढंच. मॅडम म्हणाल्या, "हा भाग कोणाला आवडत नाही. पोरं बाबांना पत्रं लिहायची, विहिरीत काय आहे ते सांगा. बाबा म्हणायचे, मलाच दिसत नाही तर काय सांगू. शेवटपर्यंत त्यांना ते दिसलं नाही." मग मला जवळ बोलावलं. "तुला हे कोणी वाचून दाखवलं?"

"दादाने."

"कशातून?"

 तेव्हा मागून बाबा बोलले. हात लगद्याने भरलेले, वर बघत नव्हते.

"तिसरा भाग मिलीत आलाच नाही. मी सगळे गठ्ठे उचकले. भेटला नाही. हिला मधलं पाहिजे होतं, ही रडायची. तर तो बॉयलरचं पुस्तक हातात धरून सांगायचा, कव्हर घालून. हिला तेव्हा वाचता कुठं यायचं."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं?"

"ओट्यावर बसून ऐकायचो. एकदा पाळीला उशीर झाला त्यापायी."

मी बाबांना विचारलं. सगळ्यांसमोर विचारलं, मला माहीत नाही कसं. "मग पुस्तकं रद्दीत का टाकली?"

बाबांनी बोटांचा लगदा काढला. मग म्हणाले, "चार टाकली. तिसरं त्याच्याजवळ होतं. ते कुठं टाकता आलं मले."

दादा, मी तेव्हापासून एकच विचार करते. तू पानं उलटायचास. बोट ओलं करून. तू पान उलटायला लागलास की मी श्वास धरून ठेवायचे. त्या पानांवर बॉयलर होता? म्हातारी नव्हती, मटक्या नव्हत्या, तू तिथल्या तिथे आणत होतास? कुंडी भंडाऱ्यात मला तुझा आवाज आला तो खरंच तुझाच होता मग. मी लेखकाला बुऱ्हाणपूरला आणत होते, आणि तू आमच्या खोलीत खाटेवर बसलेला. ज्यांनी नदी उलटी वाहवली त्यांना जे दिसलं नाही ते तुला सातवीत दिसलं. मी काल बोगद्यात एकटीच जाऊन बसले. सगळं माझ्या हातचं आहे, कुठे जाळी आहे, कुठे तार आहे मला माहीत आहे. तरी मला भीती वाटली, देवळात वाटते तशी.

आता मुद्दा. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात नाही ते पुस्तकाच्या नावाने ठेवता येणार नाही. सरांचा चेहरा पडला. मग त्या म्हणाल्या, "पण हे ज्याचं आहे त्याने स्वतः दिलं तर मी घेईन. त्याला न विचारता ठेवलं तर ती चोरी." दहा तारखेपर्यंत त्या थांबतील. नाहीतर दोन्ही तोंडांना प्लाय ठोकून बोगदा बंद. पंचवीसला पार्क उघडतोय.

तू नुसतं हो किंवा नाही लिही. नाही लिहिलंस तरी मी भांडणार नाही, तुझं आहे. घरी ये असं मी म्हणत नाहीये. हा नंबर तुझा नसला तर मग काही इलाज नाही.

९ डिसेंबर

दादा,

काल दुपारी मी कोपरापर्यंत लगद्यात होते आणि फोन वाजला. मायने पदराने धरून माझ्यासमोर केला. सगळ्या टिका निळ्या झालेल्या, ऑक्टोबरपासूनच्या. आणि खाली तू.

"झाकणं होती. झाकण उघडल्याशिवाय हाक बाहेर येत नाही. एका मटकीत एकच."

बस. हो पण नाही, नाही पण नाही. माय विचारते, "काय म्हणतो, काय म्हणतो?" मी म्हटलं, झाकणं होती म्हणतो. माय म्हणाली, "असतीनच. उघडं कोण ठेवतं?"

सरांनी मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. म्हणाले, वर्षा, तूच वाच. सगळे जमले होते, कडूमामा, रंगवाले, लाईटवाले, बाबा. मी उभी राहिले आणि वाचलं. मोठ्याने. आवाज निघाला.

मॅडमनी विचारलं, "हे हो आहे का नाही?"

कडूमामा फोनकडे वाकून म्हणाले, "मॅडमजी, नाही म्हणायचं असतं तर झाकणं कायले सांगितली असती?"

मॅडम हसल्या, खूप वेळ हसल्या. म्हणाल्या, बाबांना पण चूक दाखवल्याशिवाय हो म्हणता यायचं नाही. बोगद्याच्या तोंडाशी तुझं नाव येणार आहे. नाव कसं लिहायचं ते कळव, मी चुकवीन.

आज झाकणं केली. लगद्याचीच, मायच्या टोपलीच्या साच्यावर. लाईटवाल्याने आत काहीतरी बसवलं, झाकण उचललं की हाक येते, ठेवलं की बंद. आता बोगदा शांत आहे. नुसतं पाणी, आणि छतातून ते गोल उजेड. आणि ओळीने झाकलेल्या मटक्या, कोणतीत कोण आहे कळत नाही. कडूमामा आत गेले तर कुजबुजत बोलायला लागले. मी विचारलं, मामा, हळू का बोलता? ते म्हणाले, "माहीत नाही. तू पण तर हळूच विचारलं."

डोंगराच्या दारापाशी शेवटची एक मटकी रिकामी होती. दुपारी बाबा सरांजवळ गेले आणि म्हणाले, घसा सुटला. सरांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. बाबा आत किती वेळ होते. नंतर सर बाहेर आले, कानावरचं यंत्र काढलं, मी विचारलं काय म्हणाले, तर सरांनी मान हलवली. "ती तुझी नाही, वर्षा."

तिचं झाकण बाबांनी स्वतः केलंय. कड वाकडी झालीये, मेथी जास्त पडलीये, लांबून वास येतो. ती आम्ही कोणीच उघडली नाही. मायने तिला हात लावला फक्त, वरून.

पंचवीसला दारं उघडली की कोणीही येऊन उघडेल. त्याच्या आधी अजून दिवस आहेत.

रितेशचं लग्न ठरलं. मुलगी खकनारची आहे, आणि त्याच्यापेक्षा एक वीतभर उंच आहे.

वर्षा